घंटेचा दोर आणि वाटेची भाकरी

माझ्या सासूला गळा नव्हता. खोटं कशाला बोलू? बनुबाई गायला लागली की माळावरची शेरडं चरायची थांबायची आणि माझा सासरा गुंडा डोक्याचं मुंडासं कानावर ओढून घ्यायचा. तरी ती गायची. घायपाताचा वाख, म्हणजे त्याच्या पानांतले धागे, हातात घेऊन, दोर वळता वळता, जीव तोडून येशूची भजनं म्हणायची. निम्मे शब्द विसरलेले, चाल तिची स्वतःची. आम्ही दोर वळणारे मांग. कवठे महांकाळच्या अलीकडं, नुसती कुसळं उगवणाऱ्या माळावर आमची चार घरं. मोटेचा नाडा असो, बैलाचा कासरा असो, नाहीतर पाळण्याची दोरी, गाव आमच्या हाताकडं बघायचं. हात सोडून बाकी आमच्याकडं कुणी बघत नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

आता आमच्या ख्रिस्ती मंडळीतली नवी पोरं मला विचारतात, आजी, देवळात सगळ्या पाळकांचे, धर्मगुरूंचे फोटो आहेत, मग बनुबाईचा का नाही? अरे बाबांनो, तिचा फोटो कुणी काढलाच नाही. काढायला कोण येणार होतं त्या माळावर? म्हणून मी सांगते. माझं बोलणं थोडं शहरी झालंय, पोरं सांगलीला शिकली त्याचा गुण. नातवंडं मला ‘हाय’ नको, ‘आहे’ म्हण, असं शिकवतात. शिकवू देत. राग आला की माझी मूळ बोली आपोआप येते, आणि ही गोष्ट सांगताना मला राग येतोच.

आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. तर चाळीस साली आत्तीच्या पोटात गाठ झाली आणि तिला मिरजेच्या मिशन दवाखान्यात नेलं. गाठ काढली, टाके पडले, खाटेवर पडून राहायची पाळी आली. तिथं सुलाबाई नावाची एक बाई खाटांमधून हिंडत प्रभूच्या गोष्टी सांगायची. तिनं एक दिवस विहिरीवरच्या बाईची गोष्ट सांगितली. भर दुपारी एक बाई एकटीच पाण्याला येते. तिच्या जातीच्या हातचं पाणी दुसऱ्यांना चालत नसतं. विहिरीवर प्रभू येशू दमून बसलेला असतो, आणि तो तिच्याकडं प्यायला पाणी मागतो.

आत्ती टाक्यांसकट उठून बसली. म्हणाली, “देवानं पानी मागितलं? तिच्या हातचं?”

सुलाबाई म्हणाली, “व्हय. तिच्याच हातचं.”

“फिरून सांगा.”

सुलाबाईनं फिरून सांगितली. दुसऱ्या दिवशी आत्तीनं तीच मागितली, तिसऱ्या दिवशीही तीच. सुलाबाई म्हणाली, बनुबाई, अजून लय गोष्टी हायेत. आत्ती म्हणाली, “असूंद्या. ही मुरू द्या आधी. आजपातूर देवांनी आमच्याकडं कोंबडं मागितलं, बकरं मागितलं. पानी कुनी मागितलं न्हवतं.”

सांगलीला तिचा बाप्तिस्मा झाला आणि ती घरी आली. इथंवर सोपं होतं. दवाखान्यात देवावर विश्वास ठेवायला काय लागतं हो? आजूबाजूला सगळे प्रार्थना करणारे, सकाळ-संध्याकाळ गाणं, वर दूध. खरी परीक्षा माळावर आल्यावर सुरू झाली. तिला वाचता येत नव्हतं. शिकवायला कुणी नव्हतं. ऐकलेलं हळूहळू विसरत चाललं. आमच्या आळीत तिच्याबरोबर प्रार्थनेला बसणारं एक माणूस नव्हतं. माझा सासरा वाईट नव्हता, पण मरीआईच्या जत्रेत हलगी वाजवण्याचा मान त्याच्या घराकडं होता. तो म्हणाला, “तू तुजा देव बघ, मी माजी हलगी बघतो. मधी कुनी कुनाच्या पडायचं न्हाई.” झालं, एवढीच त्यांची तडजोड. त्यात आमच्या गावचा बाजार रविवारी. आत्ती बाजाराला जाईनाशी झाली आणि दोर विकायचे सासऱ्याच्या गळ्यात पडले. त्याला विकण्याची अक्कल कमी. पहिलं गिऱ्हाईक म्हणेल ते कबूल करायचा आणि बिडी पेटवून मोकळा व्हायचा.

बेचाळीसला मी सून म्हणून या घरात आले. तेव्हा सगळीकडं चळवळीची धामधूम. गावातली पोरं आत्तीला वाटेत अडवून म्हणायची, “काय बनुबाई, सायबाचा धर्म घेतला, आता सायब पळाला म्हंजी काय करशील?” आत्ती डोक्यावरचा वाखाचा भारा सावरत म्हणायची, “सायबाला जाऊंद्या की रं पोरांनो, लवकर जाऊंद्या. माजा देव त्येच्या बोटीतनं आला न्हाई आन त्येच्या बोटीतनं जायाचा बी न्हाई.” पोरं हसायची. पुढं त्यातलीच दोघं आमच्याकडून चऱ्हाट न्यायला आली, तर मी त्यांना चांगलं सुनावलं. आत्तीनं मलाच गप्प केलं.

आता मंडळीचं सांगते. आमच्यापासून चार कोसांवर पांढरवस्ती. तिथं मिशनच्या शाळेच्या खोलीत रविवारी उपासना भरायची. तिथले ख्रिस्ती लोक मूळचे म्हार. कोंडीबा म्हणून एक जुने शिपाईगडी, पहिल्या लढाईत जाऊन आलेले, ते मंडळीचे वडील. म्हणजे पाळक नसताना प्रार्थना चालवायची, सगळ्यांकडं लक्ष ठेवायचं, ही त्यांची जबाबदारी. त्यांची आई हरणाबाई, वयानं वाकलेली पण नजरेनं ताठ. खोलीबाहेर लिंबाला घंटा टांगलेली होती, ती वाजवायचं काम हरणाबाईचं. दुसऱ्या कुणी दोराला हात लावलेला तिला खपत नसे.

आत्ती पहिल्यांदा तिथं गेली तेव्हा कोंडीबांनी “या बाई” म्हटलं, आणि दाराशेजारी, उंबऱ्याला लागून, एक तरट टाकून दिलं. आत्ती बसली. पुढच्या रविवारी तरट तिथंच होतं. त्याच्या पुढच्या रविवारीही. मी बरोबर जायला लागले तेव्हा वर्ष-दीड वर्ष तरट तिथंच होतं. बाकीच्या बायका सतरंजीवर, आम्ही तरटावर. मी एकदा सतरंजीच्या कडेला टेकले, तर शेजारची बाई न बोलता सरकली. मधे एक माणूस बसेल एवढी जागा सुटली. बोललं कुणी काही नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

तुम्ही म्हणाल, त्यांनी असं का करावं? तेही गावकुसाबाहेरचेच की. तेच तर सांगते. खालच्या पायरीवरच्यालासुद्धा आणखी एक पायरी खाली लागते. म्हारांनी मांगांच्या हातचं खायचं नाही आणि मांगांनी म्हारांच्या हातचं, हे बाप्तिस्म्याच्या पाण्यानंही धुतलं गेलं नव्हतं. आमची आळीसुद्धा काही कमी नव्हती. आत्ती त्या लोकांत जाऊन बसते म्हणून माझी चुलतसासू वर्षभर आमच्या घरचं पाणी प्यायली नाही. म्हणजे बघा, तिकडं उंबरा आणि इकडंही उंबरा.

आणि पाळकांना यातलं काही माहीत नव्हतं. पाळक शांतवनबाबा सांगलीला राहायचे, मूळचे म्हसवडचे. तीन महिन्यांतून एकदा प्रभुभोजन द्यायला यायचे, म्हणजे येशूची आठवण म्हणून सगळ्या मंडळीनं एकाच पावातला तुकडा खायचा आणि एकाच पेल्यातलं प्यायचं. भला माणूस, पण भल्या माणसांना कधीकधी समोरचं दिसत नाही. त्यांना वाटायचं, बनुबाई लांबून येते, उशीर होतो, म्हणून दाराशी बसते. एकदा तर उपासनेत त्यांनी सांगितलं, “बनुबाई दमून येतात, त्यांची ती दाराजवळची जागा कुणी घेऊ नका.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पदर तोंडात कोंबला.

चव्वेचाळीसच्या बेंदराआधी घंटेचा दोर तुटला. आत्तीला कळलं आणि तिनं सासऱ्याला, ज्ञानूला म्हणजे माझ्या नवऱ्याला आणि मला कामाला लावलं. ऐन बेंदराची गर्दी, गावातल्या बैलांना नवे कासरे हवेत, तरी तिनं तो दोर आधी घेतला. निवडून पांढरा वाख काढला. तिपेडी दोर, असा की तळहातावरून फिरवला तर एक कुसळ लागू नये. सासरा कुरकुरत होता, पण पीळ देताना त्यानंही जीव ओतला. कामात हयगय त्याला जमायचीच नाही. तो दोर बघून कोंडीबांचा चेहरा खुलला. हरणाबाईनं दोर हातात धरला, अंगठ्यानं दाबून बघितला आणि म्हणाली, “चांगला वळलाय.” घंटा वाजली. आत्ती तरटावर जाऊन बसली.

मी त्या दिवशी परतीच्या वाटेवर म्हणाले, “आत्ती, तुमचा दोर लिंबावर चढला आन तुमी उंबऱ्याशी. ह्यो कुठला न्याय?”

“दोर सगळीकडं चालतोच की आपला. नवीन काय त्यात,” आत्ती म्हणाली. एवढंच.

त्या मंडळीचा एक नेम होता. प्रभुभोजनाच्या रविवारी वस्तीतल्या एकाही घरात चूल पेटवायची नाही. उपासना झाल्यावरच पेटवायची. पाळकांनी असं कधी सांगितलं नव्हतं. जुन्या उपासतापासाची सवय, त्यांची त्यांनीच धरून ठेवलेली, आणि त्याची राखणदार हरणाबाई. भोजनासाठी पाव सांगलीहून यायचा, शांतवनबाबांच्या पत्र्याच्या डब्यातून. द्राक्षरसाच्या जागी मनुकांचं पाणी. तबकातले पावाचे तुकडे ओळीनं फिरायचे आणि सगळ्यात शेवटी तरटापर्यंत यायचे. पेलाही शेवटी. कुणीतरी शेवटचं असणारच, असं आत्ती म्हणायची. पण दर खेपेला तेच माणूस कसं हो शेवटचं?

श्रावणातला रविवार होता. लढाईचे दिवस, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. बाबांची मोटार वाटेत बिघडली आणि दीड दिवस पडून राहिली. हवा दमट, पावसाची रिपरिप. बाबा पोचले ते चिखलात भरून. उपासना सुरू झाली. वचन झालं, गाणी झाली. आत्ती नेहमीसारखी सगळ्यांच्या वर आवाज चढवून, चुकीच्या ओळी ठासून गायली. मग बाबांनी डबा उघडला आणि तसाच धरून उभे राहिले. पावाला हिरवी बुरशी लागली होती.

“हा चालणार नाही,” बाबा म्हणाले. “कुणाच्या घरी भाकरी असेल तर आणा.”

लोक एकमेकांकडं बघायला लागले. भाकरी कुठली? चुलीच थंड.

“मग पटकन एक भाजून आणा.”

“आज चूल पेटवायची न्हाई,” हरणाबाई म्हणाली. ती असं म्हणाली की बाबांनी पुन्हा विचारलं नाही.

आणि मग त्यांची नजर दाराकडं गेली. आत्तीच्या शेजारी फडक्याचं गाठोडं होतं. चार कोस परत चालायचं म्हणून आदल्या संध्याकाळी भाजलेल्या भाकरी. त्या सबंध खोलीत तेवढंच अन्न.

“बनुबाई, त्या गाठोड्यात काय आहे?”

“भाकरी हाय, बाबा. वाटंची.”

“एक द्या.”

मी आत्तीकडं बघितलं. तिनं गाठ सोडली. वरच्या भाकरीवर चटणी होती, ती बाजूला ठेवली. खालची काढली, उजेडात धरून उलटसुलट बघितली, ती तिला पसंत पडली नाही. मग तिसरी काढली, टम्म फुगून पापुद्रा सुटलेली. ती पदरानं पुसून दोन्ही हातांनी तिनं पुढं नेली. सतरंजीवरून चालत, टेबलापर्यंत. त्या खोलीत ती पहिल्यांदाच इतकी पुढं गेली होती. परत येऊन बसली तेव्हा तिचा चेहरा असा होता, माहेरचं माणूस अचानक दारात उभं राहिल्यावर होतो तसा.

बाबांनी प्रार्थना केली, भाकरी मोडली, तुकडे तबकात ठेवले आणि तबक कोंडीबांच्या हातात दिलं. कोंडीबांनी ते धरलं. जरा वेळ धरूनच ठेवलं. मग एकही तुकडा न उचलता शेजाऱ्याकडं दिलं. शेजाऱ्यानं त्याच्या शेजाऱ्याकडं. तबक पुरुषांमधून फिरलं, बायकांकडं आलं. हरणाबाईचा हात वर आला. मी डोळ्यांनी बघितलंय, हात वर आला होता. मग तिनं लेकाकडं बघितलं आणि हात परत मांडीवर ठेवला. तबक हिंडत हिंडत दाराशी आलं, जसं निघालं होतं तसंच भरलेलं.

आत्तीनं एक तुकडा घेतला. डोळे मिटले, खाल्ला. माझा बाप्तिस्मा तेव्हा झाला नव्हता, त्यामुळं मला तुकडा घेता येत नव्हता, म्हणून मी तबक उचलून बाबांकडं नेऊन दिलं. त्यांनी तबकाकडं बघितलं, मग उंबऱ्याकडं, मग तरटाकडं. तीन वर्षं जे दिसलं नाही ते त्या माणसाला तेव्हा दिसलं. त्यांनी एक तुकडा उचलून खाल्ला आणि खुर्चीवर बसून राहिले. मग म्हणाले, “आज दोघंच जेवले. पुढच्या खेपेला मी पाव आणणार नाही. मंडळीनं आपली भाकरी आणावी. कुणाच्या घरची, ते तुम्ही ठरवा.” पेला त्यांनी फिरवलाच नाही.

बाहेर आल्यावर कोंडीबा आत्तीपाशी आले. माणूस ओशाळला होता, पण वाकायला तयार नव्हता. म्हणाले, “बनुबाई, राग धरू नगा. गावाच्या लाथा खाऊन आत्ता कुठं आमी चार मानसांत बसाय लागलोय. ह्ये सोडलं तर आमच्याच भाऊबंदांत आमच्या पोरींची लग्नं व्हायची न्हाईत.”

“म्हंजी माज्या भाकरीनं तुमचं नाक कापतंय,” आत्ती म्हणाली.

कोंडीबा वळून आत गेले.

वाटेत मी तोंडाला कुलूप घातलं नाही. आग लागो त्या घंटेला, म्हणाले. दोर काढून आणू, म्हणाले. मेल्यांना दोर चालतो, मांगाची भाकरी चालत नाही. आत्ती पुढं चालत होती. एका बाभळीखाली बसली, उरलेल्या भाकरी सोडल्या, मला एक दिली आणि स्वतः खायला लागली. खाता खाता रडली. आवाज नाही, नुसती टिपं, आणि घास गिळत होती. मग मीही माझी भाकरी मोडली.

घरी सासऱ्यानं ऐकलं आणि तोही पेटला. “आत्ताच्या आत्ता जाऊन दोर आनतो. आन तू परत तकडं पाऊल टाकायचं न्हाई. देव घरात बसून बी पावतो.”

“दिल्याला दोर माघारी घेत न्हाईत,” आत्ती म्हणाली. “आन घरात बसून पावत आसंल, पर मला जमत न्हाई. तुमाला एकट्याला दोर वळता येतो का? एकानं पीळ द्यावा लागतो, एकानं वाख लावत सरावं लागतं. मी एकटी पडली की समदं उलगडतं. मला मानसं पायजेत.”

“ती मानसं तुजं खाईनात.”

“आज न्हाई खाल्लं.”

सासऱ्यानं बिडी पेटवली. बायकोपुढं त्याचं काही चालत नाही हे त्याला माहीत होतं. हलगी ठोकावी तसं तो बाजेवर बोटं वाजवत बसला.

पुढच्या रविवारी ती निघाली. मी म्हणाले, मी येणार नाही. ती म्हणाली, नको येऊस. मग मीच धावत मागून गेले, एकटीला कशी सोडू? ती तरटावर बसली, गाठोडं शेजारी ठेवलं, आणि गायली. असं भादव्यात, आश्विनात, दर रविवारी. तबक रिकामं परत गेलं असतं तर बरं, हे भरलेलं परत गेलेलं तबक त्या खोलीत सगळ्यांच्या डोक्यावर लटकत होतं. कोण कुणाच्या डोळ्याला डोळा देईना. प्रभुभोजनाचा रविवार दिवाळीनंतर ठरला होता, आणि भाकरी कुणाच्या घरची हे कुणी तोंडानं काढत नव्हतं.

मग एका रविवारी आम्ही पोचलो तर घंटा वाजलेली नव्हती. लोक खोलीबाहेर उभे. हरणाबाई लिंबाखाली होती, दोर तिच्या हातात होता आणि ती तशीच उभी. कोंडीबा म्हणाले, “आये, वाजीव की.” तिनं दोर सोडून दिला आणि आत जाऊन बसली. शेवटी कोंडीबांनीच वाजवली. तिची तब्येत ठीक नसेल असं बायका म्हणाल्या.

त्यानंतरच्याच शनिवारची गोष्ट. दुसऱ्या दिवशी बाबा येणार होते. दुपार कलली होती. सासरा आणि ज्ञानू एका टोकाला पीळ देत होते, आत्ती वाख लावत मागं सरत होती, मी केरकचरा काढत होते. माळाच्या वाटेवरून काठी टेकत कुणीतरी येताना दिसलं. जवळ आल्यावर बघते तर हरणाबाई. एकटी. एवढं वय, आणि चार कोस चालून आलेली. लुगड्याच्या ओच्यात जोंधळ्याचं पीठ बांधलेलं. आमच्या आळीतली माणसं दारादारात येऊन उभी राहिली. पांढरवस्तीची म्हातारी मांगाच्या दारात, असं कुणी बघितलं नव्हतं.

आत्तीच्या हातातला वाख तसाच राहिला. “आवं हरणाबाई, तुमी?”

हरणाबाई ओट्यावर टेकली. धाप लागली होती तिला. “दर आयतवारी मी तुजा दोर वढती,” ती म्हणाली, “समद्यांस्नी बोलावती, या म्हनती. आन तुलाच उंबऱ्यावर बसवती. मागल्या आयतवारी माजा हात चालंना गं. त्या दिवशी तबकात बी माजा हात उचलला हुता, मीच मागं घेतला. त्यो हात लय दुखतोय मला.”

सासऱ्यानं हातातला पीळ सुटू नये म्हणून टोक तसंच घट्ट धरून ठेवलं होतं.

“कोंडीबाला सांगून आलेय,” हरणाबाई म्हणाली. “उंद्याची भाकरी माज्या पिठाची, तुज्या हातची. त्येला न्हाई पटलं तर त्यो उपाशी ऱ्हाईल.”

आत्तीनं ओच्यातलं पीठ बघितलं. खरं सांगते, मला वाटलं आता ती मिठी मारेल, रडेल. पण ती बनुबाई होती. ती म्हणाली, “पीठ तुमचं, हात माजा. पर पानी कुनाचं घालू? भाकरीला पानी लागतंय. पानी माज्याच घरचं हाय.”

मोठा प्रश्न होता तो. पीठ कोरडं असतं, कोरड्याला विटाळ नसतो, हे त्या काळी शेंबडं पोरही सांगेल. सगळं अडायचं ते पाण्यापाशी. हरणाबाईनं आमच्या दाराशेजारच्या मातीच्या घागरीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. जन्मभराची सवय, एका दमात कशी सुटेल? मला तिची दया आली, आणि मला कुणाची दया सहजासहजी येत नाही.

मग तिनं काठी बाजूला ठेवली आणि ओंजळ पुढं केली.

“पिठाचं मागनं बघू,” ती म्हणाली. “चार कोस चालून आली, बनू. घसा वाळलाय. आदी मला पानी दे.”

आत्ती हलली नाही. ती हरणाबाईकडं अशी बघत राहिली की मला वाटलं हिला ऐकूच आलं नाही. मग ती आत गेली, तांब्या घासला, घासलेला पुन्हा घासला, घागरीतून भरला. ओंजळीत ओतायला गेली तर हरणाबाईनं ओंजळ मोडली आणि तांब्याच हातात घेतला. तोंडाला लावला. सगळा तांब्या संपवला आणि ओठ पदराला पुसले. आत्ती जमिनीवर बसली आणि मोठ्यानं रडली. दवाखान्यातून आल्यापासून इतकं मोठ्यानं ती फक्त गाताना आवाज काढायची.

त्या रात्री हरणाबाई आमच्या घरी झोपली. दुसऱ्या दिवशी उपासना झाल्याशिवाय चूल पेटवायची नाही, म्हणून भाकरी शनिवारीच भाजली. हरणाबाई चुलीपुढं बसून जाळ सारत होती आणि ‘जाड थापू नगंस’, ‘कड करपली बघ’ असं सासूसारखं बोलत होती. पहाटे माझ्या सासऱ्यानं न सांगता शेजाऱ्याची बैलगाडी जुंपून आणली. “म्हातारीला चालत न्हेनार हाय का?” एवढंच म्हणाला. मंडळीच्या दारापर्यंत आला, आत मात्र आला नाही. तो वर्षभरानं आला. पण तो भाग वेगळा.

हरणाबाईनं घंटा वाजवली. अशी वाजवली की शेजारच्या मळ्यातली माणसं बघायला लागली. मग आत येऊन तिनं उंबऱ्याजवळचं तरट उचललं, झटकलं आणि बाहेर लिंबाखाली टाकून दिलं. आत्तीला दंडाला धरून नेलं आणि सतरंजीवर आपल्याशेजारी बसवलं. मलाही खुणावलं. या खेपेला कुणी सरकलं नाही. तबक कोंडीबांच्या हातात आलं. त्यांनी आईकडं बघितलं. आई त्यांच्याकडं बघतच नव्हती, ती तबकाकडं बघत होती. कोंडीबांनी तुकडा उचलला. त्यांच्या मागं एकेक करून सगळ्यांनी उचलला. दोन घरं मात्र उठून गेली, ती पुढं कित्येक वर्षं आली नाहीत. तबक आमच्यापर्यंत आलं तेव्हा त्यात दोनच तुकडे होते. एक हरणाबाईनं घेतला, एक आत्तीनं.

साहेब सत्तेचाळीसला गेला. आत्तीचा देव कुठंही गेला नाही, आणि आमची मंडळीही नाही. प्रभुभोजनाची भाकरी आता पाळीनं घराघरातून येते, आमच्या घरची पाळी मी अजून सुनेला देत नाही. मला बनुबाईची सून असण्याचा गर्व आहे. गर्व पाप आहे म्हणतात, असू दे, त्याचा हिशेब मी वर जाऊन देईन.

त्या दिवशी भोजनानंतर शेवटचं गाणं सुरू झालं. आत्तीनं नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या वर आवाज चढवला. शब्द चुकीचे, चाल भलतीच. एवढी वर्षं तो आवाज उंबऱ्यावरून यायचा, आता तो हरणाबाईच्या थेट कानात. म्हातारीनं एक कडवं सोसलं. दुसऱ्या कडव्याला तिनं आत्तीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “हळू म्हन गं बाई. आता तू जवळ बसलीस की.”